लेखी वेडी

माझ्या पोराने मला परमुलखात वेडी ठरवलं, आणि तेही तोंडी नाही, लेखी. तोंडी ठरवलं असतं तर मी मनावर घेतलं नसतं. धरणगावात आमच्या गल्लीत महिन्यातून एकदा तरी कुणी ना कुणी मला वेडी म्हणतंच, मीही त्याला दोन शब्द जास्तीचे परत देते, आणि संध्याकाळी आम्ही एकाच ओट्यावर बसून शेंगा फोडतो. पण राजदीपने कागद घेतला, त्यावर तारीख टाकली, खाली सही केली, आणि जर्मन भाषेत लिहून दिलं की माझी आई झुंबरबाई हिला विसरायचा आजार आहे, आपण काय करतो ते तिला कळत नाही. मी तिसरी शिकलेली बाई. भांडणाला मी भीत नाही, कागदाला भिते.

आणि हे सगळं झालं कशावरून, तर बिबड्यांवरून, म्हणजे आमच्याकडच्या ज्वारीच्या पापडांवरून.

राजदीप माझा एकुलता एक. जर्मनीत एका कारखान्यात इंजिनीयर आहे. सून मृणाली फैजपूरची, ती घरूनच कॉम्प्युटरवर नोकरी करते. नात संघमित्रा, म्हणजे आमची मितू, सात वर्षांची. मला तीन महिन्यांचा व्हिसा मिळाला होता. आमचे मालक आधारराव आले नाहीत. त्यांना विमानाची भीती नाही, विमानतळाची आहे. एवढ्या दारांतून आपल्याला कुणीतरी परत पाठवणारच, असं त्यांना वाटतं.

पहिले आठ दिवस पोराने मला नुसतं बसवून ठेवलं. उठले की म्हणायचा, "माय, तू बस." त्यानंतर नियम सुरू व्हायचे. रविवारी मिक्सर लावायचा नाही. दुपारी बाटल्या टाकायच्या नाहीत, आवाज होतो. जिन्यात चपला ठेवायच्या नाहीत. कचऱ्याचे डबे चार, शिवाय हिरव्या काचेला वेगळी पेटी आणि पांढऱ्या काचेला वेगळी. मी चुकून हिरवी बाटली पांढऱ्यात टाकली, तर राजदीपने हात घालून ती बाहेर काढली. जातीपातीचं माणसांच्या बाबतीत आम्ही पुष्कळ सोसलं, पण कचऱ्याची एवढी जात पाहणारा देश मी पहिल्यांदाच पाहिला.

चैत्र निघून चालला होता. एक दिवस मी सहज म्हटलं, यंदा बिबडे राहिले. मितूने विचारलं, "आजी, बिबडे म्हणजे काय?"

आता तुम्हीच सांगा. आधाररावांची नात, धरणगावचं रक्त, आणि बिबडे म्हणजे काय विचारते. मी राजदीपकडे पाहिलं. तो खिडकीबाहेर पाहायला लागला. त्याच क्षणी मी ठरवलं की या देशात बिबडे होणार.

ज्वारीपासून अडचण. तिथल्या साध्या दुकानात ज्वारी मिळते, पण पाखरांच्या खाण्याच्या कप्प्यात, पिंजऱ्याच्या चित्राच्या पिशवीत. खान्देशाने काय पाप केलं होतं कोण जाणे. शेवटी मृणालीने दूरच्या एका भारतीय दुकानातून आणून दिली. ज्वारी तीन दिवस भिजत घालायची, भरडायची, आंबवायची. आंबवणीला वास येणार, तो यायलाच पाहिजे, वास आला नाही तर बिबडा बिबडा नव्हे. दुसऱ्या दिवशी वरच्या मजल्यावरचा माणूस जिन्यात थांबून नाक वर करून हुंगत होता. मी दार उघडून त्याला हात जोडले. तो पळाला.

धरणगावचे शेजारी फोनवरून हजर होतेच. आमच्या भिंतीला भिंत लागून पितांबर आबा राहतात, निवृत्त पोस्टमन. आयुष्यभर परदेशाची पाकिटं वाटली म्हणून सगळे देश आपण पाहिलेत, असं त्यांचं बोलणं असतं. त्यांनी व्हिडिओ कॉलवर माझा डबा बघितला आणि सांगितलं, "झुंबरबाई, बिनधास्त घाला. तठे कावळा नही शे." कावळ्याच्या बाबतीत आबा खरे निघाले. एकही आला नाही.

इमारतीच्या मागे गवत होतं. एवढं सपाट, एवढं मोकळं, की बघूनच बिबडे आठवायचे. त्यावर कुणी बसत नाही, कुणी चालत नाही, बकरीही सोडत नाही. शुक्रवारी सकाळी कडक ऊन पडलं. असं ऊन तिथे वाट पाहूनही मिळत नाही. राजदीप कामावर, मितू शाळेत. मृणाली म्हणाली, "आई, थांबा, मी आधी व्यवस्थापकांना विचारते. ईमेल करते." मी म्हटलं कर. तिचा ईमेल जाऊन येईपर्यंत माझा आंबवलेल्या ज्वारीचा घाटा शिजला. लसूण, मिरची, तीळ, सगळं जिथल्या तिथे. घाटा थांबत नाही, गार झाला की थापता येत नाही. मी आधाररावांचं जुनं धोतर ओलं केलं, गवतावर पसरलं, आणि हाताने थापत गेले. बावीस बिबडे. चंद्रासारखे. कंबर मोडली, पण त्या देशात आल्यापासून पहिल्यांदा मला वाटलं की मी कुठेतरी आहे.

मी पाणी प्यायला वर गेले, तेवढ्यात ते आलं.

गवत कापायचं यंत्र. परातीएवढं, कासवासारखं, आणि मागे माणूस नाही. ते दर शुक्रवारी अकरा वाजता आपल्या घरट्यातून आपोआप निघतं, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. एवढे नियम सांगितले, हा एक सांगायचा राहिला. मी खिडकीतून पाहते तर ते सरळ धोतरावर चढलेलं. धोतराचा काठ त्याच्या चाकात गेला, आणि ते धोतरासकट, बिबड्यांसकट गवतावर फिरायला लागलं. वरात निघावी तसं. मी उलथनं घेऊन खाली धावले. ते उजवीकडे गेलं, मी उजवीकडे. ते डावीकडे वळलं. शेवटी मी पदर खोचला आणि त्याला दोन्ही हातांनी धरून उलथं केलं. ते पाठीवर पडलं, चाकं फिरवत राहिलं आणि शिट्ट्या मारायला लागलं.

सगळ्या बाल्कन्यांत माणसं. कुणी हसलं नाही, हेच मला जास्त लागलं. आमच्या गल्लीत निदान चार जणी धावून आल्या असत्या, दोघींनी बिबडे वेचले असते आणि दोघींनी मला शिव्या दिल्या असत्या.

पाव तासात व्यवस्थापक आला. उंच, स्वच्छ, हातात पाटी आणि कागद. मृणाली खाली येऊन त्याच्याशी हळू हळू बोलत होती. पाहुणा दारी आलाय म्हणून मी वाचलेल्यातला एक अर्धओला बिबडा त्याच्या हातावर ठेवला. अर्धओला बिबडा म्हणजे काय चीज असते ते खान्देशातल्या माणसाला सांगावं लागत नाही. त्याने तो दोन बोटांत धरला, खिशातून प्लास्टिकची पिशवी काढली, त्यात घातला आणि बंद केला. मला वाटलं, बायकोसाठी नेतोय. चांगला माणूस आहे.

पुरावा म्हणून नेला होता. पुढच्या आठवड्यात पत्र आलं, त्यात माझ्या बिबड्याचा रंगीत फोटो. मृणालीने वाचून दाखवलं: सामाईक गवतावर "अज्ञात सेंद्रिय पदार्थ" पसरला, यंत्राच्या कामात अडथळा आणला, ही पहिली ताकीद. दुसरी आली तर घर सोडावं लागेल. मी म्हटलं, अज्ञात काय, मला विचारायचं होतं. पण राजदीपचं तोंड पांढरं पडलं होतं. ते घर त्यांना चौदा महिने शोधून मिळालं होतं. चौदा महिने तिघं एका खोलीत राहिले होते, हे मला त्या दिवशी कळलं. फोनवर मला कधी सांगितलं नव्हतं.

तो टेबलाशी बसून बराच वेळ लिहीत होता. मृणाली मागे उभी राहून वाचत होती. ती एकदाच म्हणाली, "असं नका लिहू." त्याने ऐकलं नाही. दुसऱ्या दिवशी मला म्हणाला, "माय, मिटलं सगळं."

त्यानंतर त्या देशाने माझ्याशी वागणं बदललं.

खालच्या मजल्यावर रोझविताबाई राहतात, माझ्याच वयाच्या. आधी नुसती मान हलवायच्या. आता मी जिन्यात दिसले की माझा हात धरायच्या, हळूहळू बोलायच्या आणि मला घरापर्यंत सोडायच्या. मी खाली जायला निघालेली असायची, त्या मला वर आणून सोडायच्या. मी पुन्हा निघायची, तर टपालवाला सोडायचा. कोपऱ्यावरच्या पाववाल्या बाईने तर एकदा दुकान सोडून मला रस्ता ओलांडून घरी आणलं. मला पाव घ्यायचा होता. तो राहिलाच.

मी मनात म्हटलं, बिबड्यांनी काम केलं. या लोकांना कळलं की ही बाई साधीसुधी नाही. धरणगावात चाळीस वर्षं राहून मला कुणी हात धरून जिना चढवला नाही.

खाली दाराशी काचेच्या पेटीत एक नवा कागद लागला होता. मितू म्हणाली, "आजी, यात तुझं नाव आहे. सगळ्यांनी तुला मदत करायची, असं लिहिलंय." माझं नाव, काचेच्या आत, कुलपात! आमच्या गावात ग्रंथालयाला देणगी देणाऱ्याचंसुद्धा नाव बाहेर भिंतीवर असतं, पावसात धुऊन जातं. मी पदर सारखा केला, त्या कागदाशेजारी उभी राहिले, आणि मितूकडून फोटो काढून घेऊन धरणगावच्या घरच्या ग्रुपवर टाकला. खाली लिहिलं, "जर्मनीत माझा मान."

त्या दिवशी कुणीच अंगठा पाठवला नाही. हे लोक जळतात, असं मी समजले.

दुसऱ्या दिवसापासून फोन सुरू झाले. पहिले पितांबर आबा. "झुंबरबाई, जय भीम. आज वार कोणता?"

"मंगळवार. तुमनं कॅलेंडर फाटनं का?"

"नही, सहज. आन आपलं धरणगाव कोनता जिल्हामा शे?"

"आबा, तुम्ही तीस वरीस टपाल वाटं. तुम्हले आते माहीत नही पडनं?"

आबा म्हणाले, "शाबास," आणि रोज सकाळी भिजवलेले सात बदाम खायला सांगितले. नंतर नणंदबाईंचा फोन, "वहिनी, मी कोण बोलतेय ते ओळखा पाहू." मी म्हटलं, माझ्या लग्नातली पितळी परात घेऊन गेली ती. पलीकडे त्या रडायला लागल्या, "ओळखलं, ओळखलं." मला काही कळेना. कुणी सतराचा पाढा म्हणायला लावला. मला तो कधीच येत नव्हता, तर तेवढ्यावरून तिकडे हाहाकार झाला. शिरपूरच्या एका दूरच्या भाच्याने तर त्याच्या पणजोबांचं नाव विचारलं, ते त्याच्या आईलाही सांगता आलं नसतं.

शेवटी मोनालीचा फोन आला. ही माझी पुतणी, जळगावात नर्सिंग शिकते, आणि तिकडे नोकरी मिळावी म्हणून जर्मन शिकते. म्हणाली, "काकू, रागावू नका. तो कागद मी वाचला. मानाचा नाहीये तो." आणि तिने शब्द न शब्द सांगितला. पहिल्या मजल्यावर झुंबरबाई नावाची एक वृद्ध महिला राहते, मुलाने लेखी कळवल्याप्रमाणे तिला स्मृतिभ्रंश आहे, ती भटकताना दिसली तर कृपया घरी पोचवावी.

मी विचारलं, "गल्लीत कुणाकुणाला माहीत शे?"

मोनाली नेटवर्कबद्दल बोलायला लागली. म्हणजे बठ्ठ्या, अख्ख्या गल्लीला.

"आन तुना काका काय म्हने?"

"काका म्हणाले, तिले विसरायचा आजार? गेल्या चाळीस वर्षांतली माझी एकेक चूक तिला तारखेसकट पाठ आहे."

जगात एक माणूस माझ्या बाजूने उभा राहिला, आणि तोही असा.

मी त्या दिवशी राजदीपला काही बोलले नाही. ज्या दिवशी माझ्या तोंडून शब्द येत नाही त्या दिवशी घरातल्यांनी घाबरायला पाहिजे, पण तो तिथे राहून हे विसरला होता. मी ठरवलं, आधी आपलं नाव आपण सोडवून आणायचं. दुसऱ्या दिवशी सुरुवात रोझविताबाईंपासून. वाक्य तयार केलं, मितूला पाठ करायला लावलं: माझी आजी ठणठणीत आहे, तो कागद खोटा आहे.

पण शहाणी आहे हे सिद्ध करणं किती अवघड, ते वेड लागल्याशिवाय कळत नाही. मी दार वाजवलं, आणि मितू तोंड उघडायच्या आत रोझविताबाईंनी माझा हात धरून आत नेलं. मी जोरात म्हणाले, "मी येडी नही शे!" त्यांनी प्रेमाने मान हलवली. मी आणखी जोरात म्हणाले. त्यांनी पाणी आणलं.

मग मी त्या खोलीत बसलेला माणूस पाहिला. खिडकीशी, खुर्चीत. त्यांचे मालक, वेर्नर. कपडे स्वच्छ, केस विंचरलेले, मांडीवर एक रुमाल. तो रुमालाची घडी घालत होता. घातली की मोडायचा. पुन्हा घालायचा. रोझविताबाई त्याच्याजवळ बसल्या, त्याने त्यांच्याकडे अनोळखी बाईकडे पाहावं तसं पाहिलं आणि अदबीने थोडं सरकून जागा दिली.

रोझविताबाई बोलत होत्या, मितू सांगत होती. "आजी, ती म्हणते, ह्यांना विसरायला लागून चार वर्षं झाली. त्यांना वाटतं ही कामाला येणारी बाई आहे. ती म्हणते, या घरात तिच्याकडे कुणी येत नाही, लोकांना भीती वाटते. तू आलीस तर बरं वाटतं. तुझ्या घरच्यांना कसं वाटत असेल ते तिला माहीत आहे. तू दर गुरुवारी ये."

मितूने माझा पदर ओढला. "आजी, आता सांगू का ते वाक्य?"

"नको," मी म्हटलं.

मी वाक्य तसंच घेऊन वर आले. रागाने गेले होते, परत येताना राग होता, पण त्याचं तोंड फिरलं होतं. त्या बाई मला जिना चढवत होत्या, त्यात दया नव्हती. त्या आपलं दुःख माझ्याबरोबर वाटून घेत होत्या. आणि माझ्या बाजूने वाटून द्यायला काही नव्हतंच. पोराने त्यांच्या घरातलं खरं दुखणं उचललं आणि बिबड्यांवर पांघरूण म्हणून टाकलं होतं.

संध्याकाळी राजदीप आला. मी त्याला समोर बसवलं. "तू बस," म्हटलं. त्याच्या लक्षात आलं.

"माय, कागदाचं कळलं का तुला?"

"मनाआधी धरणगावले कळनं."

त्याने डोकं धरलं. मग भराभर बोलायला लागला. दुसरी ताकीद आली असती तर घर गेलं असतं, मितूची शाळा गेली असती. आजारी माणसाला इथे कुणी काही करत नाही, तेवढी एकच वाट होती. "आणि माय, इथे तुला ओळखतं कोण? तीन महिन्यांनी तू जाशील."

हे मात्र माझ्या काळजाला लागलं. मी म्हटलं, "मले कोनी वळखत नही, म्हनीसनच मनं नाव तुनाजोडे, तुना हातमा ठेवेल व्हतं. तू ते गहाण टाकं."

पोरगा घाबरला की खान्देशीत येतो, लहानपणापासून. हळूच म्हणाला, "माय, मी काय करू आते?"

पत्राचं काय झालं ते आधी सांगून टाकते, नाही तर तुमचा जीव घराच्या ठिकाणी अडकून राहील. त्याने व्यवस्थापकाला दुसरं पत्र लिहिलं: आई धडधाकट आहे, पदार्थ खाण्याचा आहे, आधीचं पत्र मी भीतीपोटी लिहिलं. मृणालीने त्यात दोन ठिकाणी त्याची भाषा सरळ केली. खाली मी देवनागरीत सही केली, मोठी, रेघ मारून. आठ दिवसांनी उत्तर आलं. ताकीद कायम, घरही कायम, काचेतला कागद काढला आहे. आणि पुढच्या वेळी गवतावर अन्न वाळवायचं असल्यास सोबतचा फॉर्म चौदा दिवस आधी भरून द्यावा. म्हणजे फॉर्म होता! त्यात उन्हाची तारीख लिहायची जागाही होती.

पण ते नंतरचं. त्या संध्याकाळी त्याला मी आधी खाली नेलं. पत्र कुणालाही लिहिता येतं. रोझविताबाईंच्या दारात उभं राहून स्वतःच्या तोंडाने सांगायचं होतं. तो जिन्यात दोनदा थांबला. मी मागे उभी होते, मितूचा हात धरून.

दार उघडलं. तो बोलला. थोडंच बोलला, मान खाली घालून. रोझविताबाईंनी आधी त्याच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे, खूप वेळ. मला वाटलं आता दार आपटतील. आपटलं असतं तर त्यांचं चुकलं नसतं. आतून रुमाल झटकल्याचा आवाज आला. मग त्या एकच वाक्य बोलल्या, माझा हात दाबला आणि हळूच दार लावून घेतलं.

"काय म्हने ती?" मी मितूला विचारलं.

मितू म्हणाली, "ती म्हणाली, माझ्याही दाराशी कुणी येऊन असं सांगावं, की सगळं खोटं होतं."

राजदीप तिथेच पायरीवर बसला. बत्तीस वर्षांचा माणूस, इंजिनीयर, आणि खांदे हलत होते. मी त्याच्याशेजारी बसले. जिन्यात बसायचं नाही, असाही एक नियम होता, पण तो त्यानेही काढला नाही. मग म्हणाला, "माय, बोल ना काही. शिव्या दे, पण बोल."

मी त्याचं तोंड पदराने पुसलं आणि त्याला ऐकू जाईल असं, आणि वरच्या मजल्यावरच्यालाही ऐकू जाईल असं, सांगितलं, "राजदीप, तू खोटारडा नही शे. तू भ्यायेल शे, घाबरेल शे. खोटारडाले मी घरमा उभं करत नही, भ्यायेलले करस. पन हाई एकच डाव, एकच येळ. दुसरांदा मनं नाव बजारमा इकीसन घर वाचाडशी, तर ते घर तुनं, आन मी तुनी कोनी नही."